कर्नल प्रश्न विचारतो तेव्हा : आयपी जोडणीचे पर्याय कसे निवडावेत?

आजचा विषय ऐकून काहींच्या कपाळावर आठी पडली असेल. तत्त्वज्ञान शिकवण्यात आयुष्य घालवलेल्या माणसाने कर्नलच्या भानगडीत का पडावं? कारण साधं आहे. लिनक्सचा कर्नल स्वतः बांधायला बसलं की तो आपल्याला शेकडो प्रश्न विचारतो : हे हवं का? ते हवं का? बरेच प्रश्न असे असतात की उत्तर ठाऊक नसतं, तरी द्यावं लागतं. अपुऱ्या माहितीवर निर्णय कसा घ्यायचा, हा तर आमच्या विषयातला जुनाच प्रश्न.

आधी कर्नल म्हणजे काय ते पाहू. देवळात सभामंडप असतो आणि गाभारा असतो. सभामंडपात कुणीही जावं, बसावं, भजन करावं. गाभाऱ्यात मात्र पुजारीच जातो. आपला नारळ, आपली फुलं तो आत नेतो. संगणकाचंही तसंच. ब्राउझर, व्हिडिओ, टायपिंग हे सगळं सभामंडपात चालतं. डिस्क, मेमरी, नेटवर्क कार्ड यांना प्रत्यक्ष हात लावतो तो कर्नल. लिनस टोरवाल्ड्स यांनी १९९१ मध्ये लिनक्स कर्नल जगापुढे ठेवला. आज तो मोठमोठ्या सर्व्हरमध्ये आहे, भिंतीवरच्या कितीतरी वायफाय राउटरमध्ये आहे, आणि तुमच्या खिशातल्या अँड्रॉइड फोनमध्येही आहे. म्हणजे हे व्याख्यान तुम्ही फोनवर ऐकत असाल, तर बहुतेकांच्या हातात आमचा विषयच आहे.

आता आयपी. इंटरनेट प्रोटोकॉल म्हणजे टपालाचा नियम समजा. प्रत्येक पाकिटावर कुणाकडून आणि कुणाकडे असे दोन पत्ते. वाटेतला प्रत्येक राउटर पत्ता वाचतो आणि पाकीट पुढच्या ठाण्याकडे देतो. हा नियम पाळण्याचं काम कर्नल करतो, आणि कोणत्या तऱ्हेने करायचं ते आपण पर्याय निवडून ठरवतो.

निवड दोन वेळा होते

इथे बऱ्याच जणांचा गोंधळ होतो, म्हणून हळू सांगतो. घर बांधताना भिंतीतून वायरिंगचा पाइप टाकायचा की नाही, हे बांधकामाच्या वेळी ठरतं. राहायला आल्यावर बटण चालू ठेवायचं की बंद, हे रोज ठरतं. पाइपच नसेल तर बटणाचा काय उपयोग? आणि पाइप असला म्हणजे दिवा लागलाच असंही नाही.

कर्नलमध्ये बांधकामाच्या वेळी उत्तरं तीन प्रकारची असतात. 'वाय' म्हणजे गाभ्यातच बसवा. 'एन' म्हणजे नको. आणि 'एम' म्हणजे मॉड्यूल. वेगळं करून बाजूला ठेवा, गरज लागली की जोडू. तिसरा पर्याय प्रत्येक ठिकाणी मिळत नाही. मूळ टीसीपी-आयपीची व्यवस्था मॉड्यूल करता येत नाही. ती आत तरी असते किंवा नसते. आयपीव्ही६ मात्र कर्नलच्या अनेक आवृत्त्यांत मॉड्यूल करता येतं. बांधकाम झाल्यावर चालू यंत्रात बदलायची बटणं निराळी. ती 'प्रॉक' या फोल्डरखाली फाइलींच्या रूपात दिसतात. फाइलीत शून्य लिहिलं की बंद, एक लिहिलं की चालू.

आड आणि खजाना विहीर

पहिला मोठा प्रश्न : हे यंत्र पाकिटं फक्त स्वतःसाठी घेणार, की दुसऱ्यांची पुढेही पाठवणार?

बीडच्या श्रोत्यांना उदाहरण शोधायला लांब जायला नको. घरामागचा आड असतो, त्याचं पाणी त्या घरापुरतं. आणि आपली खजाना विहीर पाहा. निजामशाहीच्या काळातलं बांधकाम. जमिनीखालच्या नहरींनी पाणी येतं आणि नहरीनेच उताराने पुढे जातं. विहीर एकच, पण तिच्या पाण्यावर पुढची शेती अवलंबून. साधा संगणक हा आड आहे. राउटर ही खजाना विहीर आहे.

लिनक्समध्ये या नहरीचं दार मुळात बंद असतं. 'आयपी फॉरवर्डिंग' या बटणाची किंमत शून्य असते. एक केली की यंत्र दुसऱ्याची पाकिटं पुढे पाठवू लागतं. फोनवर तुम्ही हॉटस्पॉट सुरू करता, तेव्हा आत हेच बटण चालू होतं. तुमचा फोन तेवढ्यापुरता राउटर होतो.

दार बंद ठेवूनच यंत्र का देतात? ज्याला पाणी पुढे द्यायचं नाही, त्याच्या विहिरीतून कुणी चोरून पाट काढू नये म्हणून. एखाद्या कार्यालयातल्या संगणकाला दोन जाळी जोडली आहेत, एक आतलं आणि एक बाहेरचं. कुणीतरी हे बटण चालू करून विसरून गेलं. मग बाहेरच्याला आत यायची वाट मिळू शकते. म्हणून याच्या जोडीला दुसरं एक बटण आहे, उलट वाट तपासणारं. पाकीट ज्या दारातून आलं, त्याच्या पाठवणाऱ्याकडे जायची वाट त्याच दारातून आहे का, हे कर्नल पाहतो. नसेल, तर पाठवणाऱ्याचा पत्ता खोटा असण्याचा संभव आहे, म्हणून ते टाकून देतो.

बांधकामाच्या यादीत 'ॲडव्हान्स्ड राउटर' असाही एक पर्याय आहे. त्याची मदतसूचना वाचण्यासारखी आहे. ती सांगते की या प्रश्नाच्या उत्तराने कर्नलमध्ये थेट काही बदलत नाही. 'नाही' म्हणालात तर पुढचे बारीक प्रश्न विचारले जाणार नाहीत, एवढंच. एक 'नाही' उच्चारला की त्यामागचे सगळे प्रश्न नजरेआड होतात. व्यवहारातही असंच घडतं, पण तिथे कुणी सूचना लिहून ठेवत नाही.

डिस्क नसलेल्या यंत्राची अडचण

दुसरा पर्याय 'कर्नल लेव्हल ऑटोकॉन्फिगरेशन'. आपला फोन किंवा संगणक सुरू होतो, मग एक प्रोग्रॅम जाळ्याकडून पत्ता मागून घेतो. पण समजा शाळेच्या प्रयोगशाळेत असे संगणक आहेत की ज्यांत डिस्कच नाही. सगळ्या फाइली मुख्य सर्व्हरवर. आता पत्ता मागणारा प्रोग्रॅम सर्व्हरवर आहे, आणि सर्व्हरपर्यंत जायला आधी पत्ता पाहिजे! किल्ली कुलपाच्या आत राहिली.

अशा वेळी पत्ता मागायचं काम कर्नलनेच स्वतः करायचं. म्हणून हा पर्याय मॉड्यूल होऊ शकत नाही. बाजूला ठेवलेला तुकडा आणायचा कुठून, तोच तर प्रश्न असतो. ज्याच्या यंत्रात स्वतःची डिस्क आहे, त्याने इथे निश्चिंतपणे 'एन' म्हणावं.

कोऱ्या चिठ्ठीवर सही

तिसरा पर्याय 'सिनकुकी'. नाव विचित्र आहे, कल्पना सुंदर आहे. टीसीपीमध्ये बोलणं सुरू करताना तीन निरोप होतात. पहिला म्हणतो, येऊ का? दुसरा म्हणतो, या. पहिला पुन्हा म्हणतो, आलो. 'येऊ का' आल्याबरोबर सर्व्हर वहीत नोंद करून वाट पाहतो. आता कुणी दुष्टपणाने खोट्या नावांनी हजारो वेळा 'येऊ का' विचारलं आणि आलाच नाही, तर वही भरून जाते. खऱ्या माणसाला जागा उरत नाही. १९९६ मध्ये न्यूयॉर्कच्या एका इंटरनेट सेवेवर असा हल्ला झाला आणि हा धोका साऱ्या जगाच्या लक्षात आला. त्याच वर्षी डॅनियल बर्नस्टाइन यांनी उपाय सुचवला.

सरकारी दवाखान्याची खिडकी डोळ्यापुढे आणा. कारकून वहीत नावं लिहायचं बंद करतो. जो विचारेल त्याच्या हातात स्वतःच्या सहीची चिठ्ठी देतो आणि विसरून जातो. चिठ्ठी घेऊन जो परत येईल, त्याची सही तपासून त्याला आत सोडायचं. वही भरायचा प्रश्नच मिटला. सर्व्हर उत्तरात जो क्रमांक पाठवतो, त्या क्रमांकातच ही सही दडवलेली असते. खोटं नाव सांगणाऱ्याकडे चिठ्ठी पोचतच नाही. या पद्धतीत काही सोयी सोडाव्या लागतात, म्हणून कर्नल तिचा आधार एरवी घेत नाही. वही भरली की मगच घेतो. सेवा देणाऱ्या यंत्रात हा पर्याय असावा.

गर्दी की खराब रस्ता?

चौथा पर्याय गर्दीच्या नियंत्रणाचा. जाळ्यात कोंडी झाली तर वेग कमी करायचा, हे टीसीपीचं शहाणपण. पण कोंडी झाली हे ओळखायचं कशावरून? लिनक्समध्ये २००६ पासून रूढ असलेली 'क्युबिक' पद्धत हरवलेल्या पाकिटांवरून ओळखते. पाकीट हरवलं, म्हणजे गर्दी आहे, हात आखडता घ्या. बालाघाटाच्या डोंगरात रेंज येते-जाते. तिथे पाकीट हरवायला गर्दीच लागते असं नाही. धुरावरून अग्नीचं अनुमान ठीक, पण धुकं पाहून अग्नी म्हटलं तर? २०१६ मध्ये गूगलच्या लोकांनी 'बीबीआर' ही पद्धत कर्नलमध्ये आणली. ती मार्गाची क्षमता आणि जायला-यायला लागणारा वेळ मोजून वेग ठरवते. दोन्ही पद्धती बांधून ठेवता येतात आणि चालू यंत्रात हवी ती निवडता येते.

पत्ता असणं म्हणजे काय

आता सगळ्यात महत्त्वाचा पर्याय, आयपीव्ही६. जुन्या आयपीव्ही४ मध्ये पत्ता ३२ बिटांचा. एकूण पत्ते ४,२९,४९,६७,२९६. म्हणजे माणशी एकसुद्धा नाही. ३ फेब्रुवारी २०११ रोजी जागतिक कोठारातले शेवटचे गट वाटून संपले. उपाय काय केला? एका सार्वजनिक पत्त्यामागे शेकडो फोन बसवले. वाड्याला एकच टपालपेटी आणि आत शंभर बिऱ्हाडं. पत्र पाठवता येतं, त्याचं उत्तरही येतं. पण बाहेरच्याला तुमच्या बिऱ्हाडाचं दार आपणहून ठोठावता येत नाही. तुम्ही जाळ्यावर आहात, पण पत्त्याशिवाय.

आपल्या जिल्ह्यातून दर हंगामात ऊसतोडीला कुटुंबं बाहेर पडतात. कोल्हापूर, सांगली, कर्नाटकात फडावर आईबाप, आणि मूल इकडे आजीजवळ किंवा हंगामी वसतिगृहात. संध्याकाळी दोन फोनांवर दोन चेहरे दिसतात, तेवढाच आधार. दोन्ही फोन अशा वाड्यांत कोंडलेले असले, तर त्यांना एकमेकांशी थेट बोलणं कठीण होतं. मधे कुणाच्या तरी सर्व्हरला दलाल करावं लागतं. आयपीव्ही६ मध्ये पत्ता १२८ बिटांचा. प्रत्येक फोनला स्वतःचा पत्ता देता येतो आणि थेट भेटीची शक्यता उरते. कंपनीने आत येणारी वाट अडवली तर गोष्ट निराळी, पण निदान दार तरी आहे. २०१६ नंतर फोरजी पसरलं तसा भारत आयपीव्ही६ वापरणाऱ्या आघाडीच्या देशांत गेला. आपल्या फोनांनी ही वाट धरली आहे.

आणि तरीही काय होतं? जोडणीत काही बिघडलं की दुरुस्तीला आलेला मुलगा पहिल्यांदा आयपीव्ही६ बंद करतो. तेवढ्यापुरतं चालू लागतं, आणि ते बंद राहून जातं. शाळेच्या, ग्रामपंचायतीच्या, वाचनालयाच्या यंत्रांत असं होत गेलं, तर फडावरचा फोन नव्या वाटेवर आणि गावची यंत्रं जुन्या वाड्यात, अशी स्थिती होईल. म्हणून सांगतो, दोष शोधा. दार विटांनी बुजवू नका.

संशय आणि प्रयोजन

मग निवडायचं कसं? न्यायदर्शनात सोळा पदार्थ सांगितले आहेत. त्यांत प्रमाण आणि प्रमेय यांच्यानंतर संशय येतो, आणि संशयाला लागूनच प्रयोजन. हा क्रम कर्नलपुढे बसताना उपयोगी पडतो. संशय आला म्हणजे लाजायचं कारण नाही. लगेच विचारायचं, या यंत्राचं प्रयोजन काय?

समजा तालुक्याच्या वाचनालयात एक जुना संगणक आहे आणि त्यामागे वाचकांचे दहा संगणक जोडायचे आहेत. फॉरवर्डिंग? हो, तेच तर काम आहे. पाकिटं गाळणारी नेटफिल्टर व्यवस्था? हो, दार उघडलं तर राखणदार पाहिजे. ॲडव्हान्स्ड राउटर? दोन कंपन्यांच्या जोडण्या असून कोणाची पाकिटं कुठून न्यायची हे ठरवायचं असेल तर हो. ऑटोकॉन्फिगरेशन? नको, स्वतःची डिस्क आहे. सिनकुकी? हो. आयपीव्ही६? हो.

संशय फिटला नाही, तर मदतसूचनेच्या शेवटी बहुतेक ठिकाणी लिहिलेलं असतं, खात्री नसेल तर अमुक उत्तर द्या. ते आप्तवाक्य मानावं. ज्याला विषय ठाऊक आहे आणि फसवण्याचा हेतू नाही, तो आप्त. पण आप्तवाक्यसुद्धा सर्वसाधारण माणसासाठी लिहिलेलं असतं. तुमचं वाचनालय त्याने पाहिलेलं नाही.

तुमच्यापैकी बहुतेकांना कर्नल कधी बांधावा लागणार नाही. तयार लिनक्स घेतलं की ही उत्तरं कुणीतरी आधीच दिलेली असतात. पण उत्तरं दिली गेली आहेत, हे ध्यानात असू द्या. 'बूट' नावाच्या फोल्डरमध्ये 'कॉन्फिग' या शब्दाने सुरू होणारी एक फाइल बहुधा सापडते. ती उघडा आणि तुमच्या वतीने कुणी काय निवडलंय ते वाचा. पाच ओळी समजल्या तरी पुष्कळ झालं. पुढच्या वेळी त्या पाच ओळींवरचे प्रश्न घेऊन या, आपण तिथूनच सुरुवात करू.