आत्मपरीक्षण : मैदानावरचे आणि मनातले

सामना हरल्यावर आपण काय करतो? पंचांना दोष देतो, मैदानाला नावे ठेवतो आणि काहीच सापडले नाही तर नशीब आहेच! गेल्या हिवाळ्यात आमचा कबड्डीचा संघ दोन गुणांनी हरला. परतीच्या एस. टी.त सगळा रस्ता पंचांच्या उद्धारात गेला. वास्तविक शेवटच्या चढाईत मी लोभापायी नको तितका आत शिरलो आणि पकडला गेलो. हे मला ठाऊक होते. पण मी बोललो नाही.

खेळाडूला आत्मपरीक्षण हवे, तसेच ते भाविकालाही हवे. या दोहोंची सांगड ख्रिस्ती परंपरेत फार जुनी आहे. करिंथ शहराजवळ दर दोन वर्षांनी इस्थमियन क्रीडास्पर्धा भरत. म्हणूनच करिंथकरांना लिहिताना संत पौलाने धावपटूचा दाखला दिला. दुसऱ्यांना उपदेश करून आपण स्वतःच बाद ठरू नये, यासाठी तो स्वतःला शिस्त लावतो. पुढच्या पत्रात तो वाचकांनाही स्वतःची परीक्षा घ्यायला सांगतो.

ही परीक्षा घ्यायची कशी, हे इग्नेशियस लोयोला याने शिकवले. हा मूळचा शिपाईगडी. १५२१ साली पाम्प्लोनाच्या लढाईत तोफगोळ्याने त्याचा पाय जायबंदी झाला आणि अंथरुणावर पडल्या पडल्या तो अंतर्मुख झाला. १५४८ साली छापलेल्या त्याच्या ग्रंथाच्या नावातच ‘व्यायाम’ आहे. चालणे-धावणे हा जसा शरीराचा व्यायाम, तसा हा आत्म्याचा, असे तो म्हणतो. त्याची एक रीत अगदी साधी आहे. आपला एकच दोष निवडावा. दिवसातून दोनदा मागे वळून पाहावे आणि तो जितक्या वेळा घडला तितकी टिंबे कागदावरील रेषेवर मांडावीत. मग आजची रेष कालच्या रेषेशी ताडून पाहावी. सरावाची वही ठेवणारा धावपटू याहून वेगळे काय करतो?

मात्र आत्मपरीक्षण म्हणजे स्वतःला कोसणे नव्हे. इग्नेशियसची रोजची उजळणी देवाचे आभार मानून सुरू होते, दोषांची मोजदाद मागाहून येते. आणि शेवट होतो तो सुधारण्याच्या निश्चयाने.

स्वतःला ओळखणारा माणूस निर्णयाच्या वेळी डगमगत नाही. १९२४ च्या पॅरिस ऑलिंपिकमध्ये शंभर मीटरची प्राथमिक फेरी रविवारी होती. रविवार हा प्रभूचा दिवस, म्हणून स्कॉटलंडच्या एरिक लिडेलने ती शर्यत सोडली. वेळापत्रक त्याला महिनोन्‌महिने आधी कळले होते. तो कुरकुरत बसला नाही; चारशे मीटरच्या तयारीला लागला आणि ४७.६ सेकंदांत सुवर्णपदक जिंकला. पुढच्याच वर्षी तो धर्मकार्यासाठी चीनला गेला.

आपण लिडेल होऊ न होऊ. पण वही आणि पेन्सिल तर आपल्याजवळ आहे. मी पहिले टिंब काढले ते त्या एस. टी.तल्या माझ्या मौनाचे. दुसऱ्या दिवशी सरावापूर्वी सवंगड्यांना खरे सांगून टाकले. कोणी रागावले नाही. उलट आमचा कर्णधार हळूच म्हणाला, “माझीही एक पकड सुटली होती.”