पितळेला चिंच चालते, जर्मनला जपून!

भंडारा पितळी भांड्यांसाठी ओळखला जातो. पण इथल्या घरात पितळेच्या गुंडाशेजारी जर्मनचा, म्हणजे ॲल्युमिनियमचा गंज असतोच, आणि दोन्ही एकाच पावडरीने घासले जातात. नुकसान होते ते तिथेच.

पितळ म्हणजे तांबे आणि जस्त. हवेने त्यावर चढणारा काळपट थर आंबटात विरघळतो. चिंचेचा कोळ आणि मीठ चोळले की थोड्याच वेळात पिवळा रंग उजळून येतो. लगेच धुऊन कोरडे पुसा, नाहीतर डाग पडतात. भांड्याला आतून कल्हई असेल तर आत राखेने खसाखसा घासू नका, कथलाचा थर झिजतो. आत पिवळा धातू दिसू लागला की कल्हईवाला शोधा. तोवर त्यात कढी, ताक ठेवू नये.

ॲल्युमिनियमचे वेगळे. त्याच्या अंगावरचा पातळ ऑक्साइडचा थर हेच त्याचे चिलखत. धुण्याचा सोडा तो थर खातो आणि भांडे काळवंडते. तारेची घासणीही नको. क्षारयुक्त पाण्याने गंज आतून काळा पडला, तर पाण्यात लिंबाच्या साली टाकून दहा मिनिटे उकळा आणि मऊ घासणीने पुसून घ्या. मात्र अंबाडीची भाजी किंवा चिंचेचे सार त्यात रात्रभर मुळीच ठेवू नका. आंबटामुळे धातू अन्नात उतरतो आणि तळाला खड्डे पडतात. असे खड्डे पडलेले भांडे सरळ मोडीत घाला. ॲल्युमिनियम वितळवून पुन्हा वापरायला नव्या धातूच्या जेमतेम 5 टक्के ऊर्जा लागते.