इंजिन बंद पडलं आणि जिल्हा सुरू झाला

कोल्हापुरात ओतलेले लोखंडी भाग आज मोटारी आणि ट्रॅक्टरांच्या इंजिनांत बसतात. पण हा धंदा इथं आलाच कसा? जवळपास कोळशाची खाण नाही, बंदर घाटाखाली. तरी शिरोली, गोकुळ शिरगाव, कागल-हातकणंगले या औद्योगिक वसाहतींत फौंड्र्यांच्या रांगा उभ्या आहेत. याचं उत्तर उसाच्या फडात सापडतं, आणि ते कितीदाही तपासलं तरी मला थक्कच करतं.

सुरुवात पाण्यापासून करू. भोगावतीवरच्या राधानगरी धरणाचं काम शाहू महाराजांनी विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात हाती घेतलं. पावसाळा सरला की नदीत बरगे घालून पाणी अडवायचं, ही इथली रीत पुढं ‘कोल्हापूर पद्धतीचा बंधारा’ या नावानं महाराष्ट्रभर गेली. पाण्यामागून ऊस वाढला, उसामागून गुऱ्हाळं वाढली. गुळासाठी शाहूपुरी पेठ त्याआधीच, 1895 साली, वसली होती. एका गुऱ्हाळावर किती पोटं चालतात बघा: ऊस तोडणारे, चरकात ऊस घालणारा, चुलवाणात जाळ घालणारा, काहिलीतल्या रसाकडं नुसतं बघून आदण कधी उतरायचं ते सांगणारा गुळव्या, आणि पेठेत गूळ पोचला की हमाल नि अडते.

चरक आधी बैल ओढायचे. मग परदेशी ऑइल इंजिन आलं. तेच नदीचं पाणी उंच काठावर चढवू लागलं, पिठाच्या गिरण्या फिरवू लागलं. सगळी गंमत इथून पुढं आहे. भर हंगामात इंजिन बंद पडलं तर काढलेला रस काही तासांत आंबतो. विलायतेहून सुटा भाग येईपर्यंत थांबायला कुणाला सवड? मग गावातल्या मिस्त्रीला बोलावणं जायचं. लोहारकी-सुतारकी जाणणारा हा माणूस इंजिन खोलायचा, झिजलेला भाग हातात घेऊन निरखायचा आणि तसाच दुसरा घडवायचा. दुसऱ्या महायुद्धात बाहेरून येणारा माल आटला, तेव्हा या कसबाला भाव आला. सुटे भाग करता करता अख्खं इंजिनच इथं होऊ लागलं. इंजिन म्हटलं की ओतकाम आलं, म्हणून फौंड्री आली. लेथ आले, टर्नर-फिटर आले, उद्यमनगर गजबजलं.

जेन जेकब्स या लेखिकेनं 1969 सालच्या आपल्या पुस्तकात नेमकं हेच मांडलं आहे: नवं काम आकाशातून पडत नाही, ते जुन्या कामाला फुटतं. तिचं एक उदाहरण जपानचं. तिथं परदेशी सायकली दुरुस्त करणाऱ्या दुकानांनी आधी एकेक सुटा भाग करायला घेतला आणि शेवटी देशी सायकल उभी केली. तिनं कोल्हापूर पाहिलं असतं तर जपानपर्यंत जायची गरज पडली नसती!

हे कसब कुठल्या कुठं पोचलं याचा आणखी एक दाखला आहे. बाबूराव पेंटर यांचं मूळ आडनाव मेस्त्री. सिनेमाचा कॅमेरा त्यांनी कोल्हापुरातच बनवला आणि त्यावर चित्रपट काढले. 1929 साली इथंच सुरू झालेली प्रभात फिल्म कंपनी 1933 मध्ये पुण्याला गेली. सिनेमाचा रोजगार असा हलला, पण लेथवरचा हात गावातच राहिला.

पुढं शेतात वीज पोचली, विजेच्या मोटारी बसल्या आणि ऑइल इंजिनाची मागणी घटली. खरं तर तेव्हाच सगळं संपायचं. पण साच्यात वाळू ठासणाऱ्याला आत इंजिनाचा भाग आहे की ट्रकचा, यानं फारसा फरक पडत नाही. फौंड्र्या वाहनांच्या कामाकडं वळल्या. ज्यांचं नाव लोकांना ट्रान्सपोर्टमुळं ठाऊक, त्या घाटगे-पाटलांची फौंड्रीही उचगावात उभी राहिली.

यात गावाचं स्वतःचं कर्तृत्व किती, ते मोजायला अर्थशास्त्रज्ञ रोजगारातल्या बदलाचे तीन वाटे करतात. एक, देशभर काम वाढलं किंवा घटलं म्हणून झालेला बदल. दुसरा, तो धंदाच सगळीकडं चढता किंवा उतरता आहे म्हणून झालेला. हे दोन वजा करून उरतो तो तिसरा, त्या गावाचा स्वतःचा. जिल्ह्यातल्याच इचलकरंजीवर हे लावून पाहा. 1904 साली विठ्ठलराव दातारांनी तिथं पहिला यंत्रमाग बसवला आणि त्या एकाचे पुढं लाखावर झाले. त्यांच्याभोवती सायझिंगवाले, वहिफणी कामगार, कांड्या भरणाऱ्या बायका, दुसऱ्याच्या सुतावर मजुरीनं कापड विणून देणारे खर्चीवाले असं अख्खं गाव उभं राहिलं. आता धोट्याशिवाय चालणारे माग आलेत, एक कामगार कितीतरी जास्त माग सांभाळतो. त्यानं कामगारांत होणारी घट दुसऱ्या वाट्यातली, ती जगभर आहे. एक लहान संस्थानी गाव कापडाची बाजारपेठ झालं, हा मात्र तिसरा वाटा.

आणि मोजणीची एक गोची आहे. 2011 च्या जनगणनेत जिल्ह्याची लोकसंख्या 38,76,001 होती, त्यातली दोनतृतीयांशाहून अधिक ग्रामीण. जनगणना काम करणाऱ्याला चारपैकी एका रकान्यात घालते: शेतकरी, शेतमजूर, घरगुती उद्योग, इतर. आता करवीर किंवा कागल तालुक्यातलं एखादं घर घ्या. थोरला एमआयडीसीत सेकंड शिफ्टला, वीस गुंठे ऊस कारखान्याला, दारात दोन म्हशी आणि दर दहा दिवसांनी दुधाचं बिल. हुपरीकडचं घर असेल तर बायका दुपारी चांदीच्या पैंजणाच्या कड्या जोडत बसलेल्या. थोरल्याचा रकाना ‘इतर’. त्याची पहाटेची धार आणि रात्रीचं उसाला पाणी देणं त्या रकान्यात दिसत नाही. माझ्या मते कोल्हापूरचं खरं बळ हेच आहे: इथं माणसानं शेत सोडून कारखाना धरला नाही, दोन्ही धरले.

त्या बळाला धक्के बसताहेत. ऊसतोडणीला यंत्रं आली, मशीन शॉपमध्ये सीएनसी आलं, फौंड्रीतल्या धगीपुढं उभं राहायला स्थानिक पोरं नाखूश, तिथं बिहार-ओडिशाची पोरं दिसतात. पुढची फांदी कशाला फुटेल ते आकडे आधी सांगणार नाहीत. कधी उद्यमनगरात गेलात तर एखाद्या जुन्या वर्कशॉपच्या मालकाला एवढंच विचारा, की तुमच्या आजोबांनी पहिल्यांदा दुरुस्त काय केलं होतं?