घरापुढील रंगीत माठ आणि शेतांतील राजगिरा

बागाईतदाराच्या घरापुढें झेंडू, शेवंती व कोंबडा हीं फुलझाडें बहुधा असतात. परंतु माठ म्हटला कीं आपणांस भाजीच आठवते. वस्तुतः माठाच्या कांहीं जाती केवळ रंगाकरितां लावण्याजोग्या आहेत. त्यांस खर्च थोडा. मात्र एक सावधगिरी न घेतल्यास राजगिऱ्याचें बियाणें बिघडतें. म्हणून दोन्ही गोष्टी येथें एकत्र सांगतों.

शोभेचे प्रकार मुख्यतः तीन. पहिला रंगीत माठ. हा मूळचा आशिया खंडांतीलच. याचीं फुलें नजरेंत भरत नाहींत. शोभा सारी शेंड्याच्या पानांची. तांबडा, पिवळा व हिरवा असे रंग एकाच झाडावर दिसतात. दुसरा लोंबत्या तुऱ्यांचा. तो दक्षिण अमेरिकेंतून आलेला असून ३ ते ५ फूट वाढतो. त्यास काठीचा आधार द्यावा. तिसरा उभ्या तांबड्या कणसांचा, म्हणजे राजगिऱ्याचाच शोभिवंत वाण.

मृगाचा पाऊस पडल्यावर वाफा भुसभुशीत करावा. बीं फार बारीक, एका ग्रॅमांत हजाराहून अधिक दाणे. यास्तव तें वाळूंत मिसळून पातळ पेरावें व वर मातीचा हलका थर द्यावा. रोपांस चार-पांच पानें फुटतांच सायंकाळीं मातीच्या गड्ड्यासह हलवून दीड फुटावर लावावें. लोंबत्या जातीस २ फूट अंतर ठेवावें. मुळें दुखावलेलें रोप खुरटतें. विरळणींत उपटलेल्या रोपांची भाजी होते. परंतु विकतच्या बियांस औषध चोळलेलें असल्यास ती खाऊं नये. पानें गुंडाळणारी अळी दिसतांच वेंचून मारावी. गणेशचतुर्थीच्या सुमारास झाडें रंगास येतात.

रंग न भरण्याचीं कारणें बहुधा दोन: सावली व खताचा अतिरेक. सावलींतील झाड जगतें, पण हिरवेंच राहतें. शेणखत कुजलेलें व बेताचेंच घालावें; नत्र फार झाल्यास पाला माजतो व रंग फिका पडतो. वाफ्यांत पाणी तुंबूं देऊं नये.

आतां सावधगिरीची गोष्ट. राजगिऱ्याचा पराग वाऱ्यानें उडतो. शोभेच्या पुष्कळ वाणांचें बीं काळें, तर उपवासाच्या राजगिऱ्याचें पांढुरकें असतें. दोहोंचा संकर झाला तरी त्या वर्षीं दाणा पांढुरकाच दिसतो, कारण दाण्याची साल मातृझाडाची असते. तेंच बीं पुढील वर्षीं पेरलें म्हणजे संकराच्या झाडांवर काळे दाणे धरतात. काळ्या दाण्याची साल कठीण. त्याची लाही नीट फुटत नाहीं, आणि मिसळ माल बाजारांत मागें पडतो. दोष उघडकीस येतो तेव्हां एक हंगाम निघून गेलेला असतो.

यास्तव ज्यांच्या शेतांत राजगिऱ्याचें बियाणें राखलें आहे, त्यांनीं तांबड्या तुऱ्यांचे वाण बांधावर लावूं नयेत. ते घरापुढें, शेतापासून दूर असावेत. जवळ असल्यास तुरे उमलण्यापूर्वींच कापावेत. रंगीत माठाचा राजगिऱ्याशीं सहसा संकर होत नाहीं; तेव्हां शेताजवळ शोभा हवी असेल तर तोच लावावा. त्याचें बीं उत्तम रंगाच्या झाडांचेंच धरावें आणि फिकीं झाडें फुलण्यापूर्वीं उपटावींत.

अंगणाची शोभा व कणगींतील बियाणें हीं दोन्ही राखणें ज्याच्या त्याच्या हातीं आहे.