पाचवी फेरी, १४६वा क्रमांक

एनएफएल या अमेरिकी फुटबॉल लीगचे ३२ संघ दरवर्षी ड्राफ्टच्या सात फेऱ्यांत महाविद्यालयीन खेळाडू निवडतात. मधल्या फेऱ्यांत सर्वगुणसंपन्न कुणी उरलेला नसतो. समोरच्या खेळाडूकडे जे आहे ते आपल्या संघाला रोज लागतं का, हाच खरा प्रश्न.

२०१७ मध्ये सॅन फ्रान्सिस्को फोर्टीनाइनर्सनी जॉर्ज किटलला घेतलं, तेव्हा उत्तर आकडेवारीत दिसत नव्हतं. आयोवा विद्यापीठाकडून त्याने एकूण झेल घेतले होते अवघे ४८. पण तो ४० यार्ड ४.५२ सेकंदांत धावला होता; टाइट एंडसाठी, म्हणजे अडवणं आणि झेलणं अशी दोन्ही कामं करणाऱ्या खेळाडूसाठी, हा वेग विलक्षणच. त्याहून मोलाची होती त्याची आयोवातली तालीम: प्रतिस्पर्ध्याला अडवून आपल्या धावणाऱ्यासाठी वाट मोकळी करणं.

नवे प्रशिक्षक काइल शॅनहन यांची आक्रमणाची रचना नेमकी यावरच उभी. सगळी फळी एका दिशेला सरकते, बचाव तिच्यामागे ओढला जातो आणि चेंडू घेऊन धावणारा फट हेरतो. मग तीच चाल दाखवून चेंडू हवेतून फेकायचा. अडवणं आणि झेलणं दोन्ही जमणारा टाइट एंड मैदानात असला, की पुढे काय होणार याचा बचावाला अंदाज येत नाही. पहिल्या फेरीतल्या कित्येक नावाजलेल्या खेळाडूंना अशी जुळणी लाभत नाही, असं माझं ठाम मत आहे.

दुसऱ्याच हंगामात, २०१८ मध्ये, किटलने झेलांवर १,३७७ यार्ड मिळवले. टाइट एंडसाठी तो तेव्हाचा लीगविक्रम होता.