दुभाष्याची पुरवणी

संगणकाच्या पडद्यावर चित्र उमटते ते कोणाच्या हुकमाने, हा प्रश्न आपल्यापैकी फार थोड्यांना पडत असेल. खेळ लिहिणारा मनुष्य ग्राफिक्स कार्डाशी थेट बोलत नाही. प्रत्येक कंपनीच्या कार्डाची बोली निराळी. तेव्हा मध्ये एक दुभाष्या लागतो. त्यालाच ड्रायव्हर म्हणतात. खेळवाल्याने दुभाष्याशी कोणत्या भाषेत बोलावे, हे ठरवणारे एक व्याकरण सिलिकॉन ग्राफिक्स या अमेरिकन कंपनीने १९९२ साली प्रसिद्ध केले. त्याचे नाव ओपनजीएल. ब्रायन पॉल यांनी १९९३ मध्ये त्याच व्याकरणाबरहुकूम आपला एक संच लिहावयास घेतला आणि १९९५ मध्ये तो सर्वांना खुला केला. तोच ‘मेसा’. आज लिनक्स वापरणाऱ्या असंख्य यंत्रांवर दुभाष्याचे काम मेसाच करतो.

आता अडचण अशी की, व्याकरणाची नवी आवृत्ती सावकाश निघते आणि कार्डांत नव्या करामती मात्र भराभर येतात. म्हणून ओपनजीएलमध्ये पुरवण्यांची सोय ठेवलेली आहे. पुरवणीच्या नावावरूनच तिचे कूळ कळते: एकाच कंपनीची असेल तर त्या कंपनीचे चिन्ह, अनेकांनी मिळून केली असेल तर ‘ईएक्सटी’, आणि मंडळाने संमत केली असेल तर ‘एआरबी’.

अशी पुरवणी मेसात घालावयाची म्हणजे काय करावयाचे? आधी तिचा मसुदा अक्षरशः वाचावयाचा. चुकीचा हुकूम आला असता कोणती तक्रार परत करावयाची, हेही त्यात लिहिलेले असते. मग मेसातील एका तक्त्यात तिची ओळ भरावयाची. नवे हुकूम व नव्या संज्ञा ओळखण्याची तजवीज करावयाची. त्यानंतर प्रत्येक कार्डाच्या ड्रायव्हरने आपले निशाण वर करावयाचे. पण कार्डाला ते काम खरोखर जमत असेल तरच! खोटे निशाण हे निशाण नसण्यापेक्षा वाईट, कारण खेळ त्यावर विसंबून पुढे जातो आणि तोंडघशी पडतो. म्हणून ‘पिग्लिट’ नावाच्या चाचण्यांचा एक मोठा संच आहे. त्यात नव्या पुरवणीची परीक्षा घालतात.

त्या तक्त्यात प्रत्येक पुरवणीपुढे तिचे सालही लिहिलेले असते. हे कशाला, असे आम्हांला प्रथम वाटले. त्याचे कारण मौजेचे आहे. जुने काही खेळ सुरू होताच दुभाष्याला विचारीत, “तुला काय काय येते?” मेसा सगळी यादी एका दमात सांगे. खेळवाल्याने ती उतरवून घेण्यास ठराविक मापाचीच जागा राखलेली. पुढे पुरवण्या वाढल्या, यादी मापाबाहेर गेली आणि खेळ कोसळू लागले. तेव्हा अमुक सालापर्यंतच्याच पुरवण्या सांगाव्यात, अशी आज्ञा मेसाला देण्याची सोय करावी लागली. म्हाताऱ्या पाहुण्यापुढे बेताचेच वाढावे, तसा हा प्रकार.

परंतु सर्वांत कठीण पुरवणी ठरली ती एस-थ्री कंपनीच्या चित्रसंकोचाची. आणि तीही बुद्धीच्या अडचणीमुळे नव्हे. तिची युक्ती आपल्या घरच्या बायकांना चटकन समजेल. चार बाय चार ठिपक्यांची रांगोळी घ्या. प्रत्येक ठिपक्याचा रंग स्वतंत्र लिहू गेल्यास दर ठिपक्याला २४ बिट, म्हणजे एकूण ३८४ बिट लागतात. त्याऐवजी दोनच रंग १६-१६ बिटांत लिहा, त्यांच्या दरम्यानच्या दोन छटा कार्डाला स्वतः काढू द्या, आणि प्रत्येक ठिपक्यापुढे त्या चारांपैकी कोणता, एवढेच २ बिटांत नोंदवा. ३२ आणि ३२ मिळून ६४ बिट झाले. चित्र एक षष्ठांश जागेत बसले! खेळांना ही युक्ती इतकी मानवली की, पुष्कळ खेळ तिच्यावाचून चालेनासे झाले.

पण तिच्यावर पेटंट होते. मेसा फुकट वाटला जातो, पुढे कोणीही त्याच्या प्रती काढतो. प्रत्येक प्रतीमागे मोबदला मोजणार कोण आणि देणार कोण? म्हणून हा संकोच करणारा भाग मेसात घातलाच नाही. तो एका वेगळ्या छोट्या संचात ठेवला. ज्याने त्याने आपल्या जबाबदारीवर तो आणून जोडावा, अशी व्यवस्था होती, आणि कित्येक वितरक भीतीने त्याला हात लावीत नसत. दाम मोजून घेतलेल्या कार्डाला हे काम येत असूनही खेळ सुरू होत नाही, हे सामान्य माणसाला कसे पटावे? आम्हांला तर यात न्याय दिसत नाही. तथापि मेसाच्या मंडळींनी कायदा मोडला नाही, ती थांबली.

अमेरिकेतील त्या पेटंटाची मुदत २ ऑक्टोबर २०१७ रोजी संपली. लगोलग तो भाग मेसाच्या मूळ संचात दाखल झाला आणि बाहेरच्या त्या छोट्या संचाची गरज उरली नाही.