चौदा पानं

८ ऑगस्ट २०२४च्या रात्री धाकट्या भावाचा फोन आला, "ताई, गच्चीवर जा." गेले. खासबागेच्या बाजूचं आभाळ लाल झालं होतं. केशवराव भोसले नाट्यगृह पेटलं होतं. दुसऱ्या दिवशी, ९ ऑगस्टला, केशवरावांची जयंती होती. सकाळी कोल्हापूरची रंगकर्मी मंडळी तिथं जमली, जळलेल्या तुळयांकडे बघत उभी राहिली आणि मोठी माणसं लहान मुलांसारखी रडली. मीही रडले.

 त्यानंतर या वास्तूविषयी पुष्कळ लिहिलं गेलं. राजर्षी शाहू महाराजांनी १९१५ साली उभं केलेलं पॅलेस थिएटर, शेजारचं कुस्तीचं मैदान, संगीतसूर्य केशवरावांचं नाव, इथं गाऊन आणि अभिनय करून गेलेले मोठे कलावंत. ते सगळं लिहायलाच हवं होतं. पण ज्यांनी या रंगमंचावर वाईट नाटकं केली, मनापासून, पदरमोड करून केली, त्यांच्याविषयी एक ओळ माझ्या वाचनात आली नाही. मी त्यांच्यातली. दहा वर्षं मी त्या रंगमंचाच्या डाव्या विंगेत हातात वही आणि बॅटरी घेऊन प्रॉम्प्टिंगला उभी राहिले.

आमची संस्था १९८२ साली सुरू झाली आणि १९९१ साली संपली. त्याआधी गणेशोत्सवातल्या एकांकिका होत्या, त्यात सांगण्यासारखं काही नाही. नंतर घरोघरी केबल आली, मंडळी मुलांच्या दहावी-बारावीत अडकली, तेही सगळ्यांच्या घरी घडलं तसंच.

तालमी आम्ही तालमीतच करायचो. कोल्हापूरकराला हे समजावून सांगावं लागत नाही. बाहेरच्या वाचकासाठी सांगते, आमच्याकडे पेठेपेठेत पैलवानांच्या तालमी आहेत. आमच्या पेठेतल्या तालमीचा वरचा मजला रात्री नऊनंतर आम्हाला फुकट मिळायचा. खाली लाल माती, तिचा ताक-तेल मुरल्याचा वास वरपर्यंत यायचा, आणि वर आमचा बंगला, दिवाणखाना, खून. दिग्दर्शक बँकेत कॅशियर होते, आम्ही त्यांना सर म्हणायचो. इन्स्पेक्टर टेलिफोन खात्यातला. मयत होणारा शिरोलीच्या एका फौंड्रीत मोल्डर होता. दिवसपाळी संपवून, हात धुऊनही नखांत काळी वाळू घेऊन यायचा. आणि बंगल्याची मालकीण झालेली बाई एका दवाखान्यात नर्स होती. हौशी नाटकाला बाई मिळणं त्या काळी सगळ्यात अवघड. पुष्कळ संस्था बाहेरगावाहून नाइट देऊन नटी आणत. आमची नर्स स्वतःहून आली. पहिल्याच दिवशी सरांना म्हणाली, "सर, मला रडायला लावू नका. रडणं दिवसभर बघते."

खुनाचंच नाटक का? कारण आम्ही सगळे वाचनालयातल्या बाबूराव अर्नाळकरांवर वाढलेलो. त्यांनी हजाराहून अधिक रहस्यकथा लिहिल्या, आणि आमच्या गल्लीत एकेक पुस्तक शिवण सुटेपर्यंत फिरायचं. त्यांचा नायक झुंजार आम्हाला शेजाऱ्यासारखा माहीत होता. सरांनी स्वतः तीन अंकी रहस्यनाटक लिहिलं, परिनिरीक्षण मंडळाचं प्रमाणपत्र आणलं आणि राज्य नाट्य स्पर्धेचा अर्ज भरला.

रहस्यनाटक हौशी माणसाची फार कठोर परीक्षा घेतं. कौटुंबिक नाटकात नटानं एखादं वाक्य गाळलं तर रडणं जरा लवकर सुरू होतं, इतकंच. रहस्यनाटकात नेमकं तेच वाक्य पुढच्या दुव्याचं असतं. चिठ्ठी उजव्या खणात हवी असेल तर उजव्याच खणात हवी. पिस्तुलाचा आवाज विंगेतून फळी आपटून काढायचा असेल तर चाप आणि फळी एकाच क्षणाला. प्रेक्षक स्वतः तपास करत बसलेला असतो, तो काहीही सोडत नाही. हे आम्हाला जमलं नाही. पहिल्याच प्रयोगात बंगल्याचा मागचा फ्लॅट, म्हणजे नेपथ्याची उभी भिंत, टेकू सुटून पुढे कलला आणि सुतारकाम करणाऱ्या आमच्याच एका पोरानं तो पूर्ण अंकभर मागून दोन्ही हातांनी धरून ठेवला. दुसऱ्यांदा चिठ्ठी कपडेपटातच राहिली. तिसऱ्या प्रयोगात मयत झालेला आमचा मोल्डर खरोखरच झोपला. त्यानं त्या दिवशी ओव्हरटाइम केला होता.

पण मला सांगायचंय ते १९८६च्या स्पर्धेतल्या प्रयोगाविषयी.

दुसऱ्या अंकाच्या सुरुवातीला मालकीण म्हणते, "बाहेर कोण आहे?" तिसऱ्या अंकातही दिवाणजी हेच म्हणतो. शब्द तेच. लिहिताना सरांच्या ते ध्यानात आलं नव्हतं, तालमीत कुणाच्याच आलं नाही. इन्स्पेक्टर आत आला आणि त्यानं तिसऱ्या अंकाचं वाक्य घेतलं. समोरच्यानं त्याला तिसऱ्या अंकातलंच उत्तर दिलं. मी वहीत बोट ठेवून बसले होते. पानं उलटली, मोजली. चौदा पानं गेली होती. त्या चौदा पानांत दुसरा खून होता. मालकिणीला चहातून विष दिलं जायचं होतं.

आणि आता इन्स्पेक्टर रंगमंचाच्या मधोमध उभा राहून विचारत होता, या बंगल्यात दोन खून झाले, त्या वेळी तुम्ही सगळे कुठं होता? ज्या बाईच्या खुनाचा तपास चालला होता ती त्याच्या समोर खुर्चीत बसली होती. पुढ्यात चहाची कपबशी. मी विंगेतून त्याला मागं आणायला वाक्य देत होते, त्याच्यापर्यंत पोचत नव्हतं. पडदा ओढणारा मुलगा अंक संपायला वेळ आहे म्हणून भेळ खायला बाहेर गेला होता. तेवढ्यात मागच्या रांगेतून आवाज आला, "ओ सायेब, बाई जित्ती हाय की अजून!"

सगळं नाट्यगृह हसलं. आमची नर्स हसली नाही, गडबडली नाही. हसू ओसरेपर्यंत थांबली. मग तिनं कप उचलला, सगळ्यांकडे एकदा बघितलं आणि चहा पिऊन टाकला. छातीवर हात नाही, किंकाळी नाही. एका हातानं खुर्चीचा दांडा शोधला, तो सापडला नाही, आणि मान हळूच एका बाजूला गेली. माणूस कसा जातो हे तिनं वॉर्डात किती वेळा पाहिलं असेल. नाट्यगृहात टाचणी पडली तर ऐकू आली असती. इन्स्पेक्टर तिच्याकडे बघत राहिला. मग अगदी सावकाश, संहितेत कुठंही नसलेलं वाक्य बोलला, "आता दोन झाले."

त्यानंतर ज्या टाळ्या झाल्या त्या मी जन्मात विसरणार नाही. व्यावसायिक रंगभूमीवरची मोठमोठ्या नटांची कामं मी पुढं पाहिली. अंगावर काटा तसा पुन्हा फार थोड्या वेळा आला.

निकालात आमचं नाव नव्हतं, ते योग्यच होतं. पण सर एका परीक्षकांना भेटायला गेले, सोबत मी होते. ते म्हणाले, "हौशी मंडळींनी रहस्यनाटकाच्या फंदात पडू नये. आवाक्यातलं करावं." नर्सच्या त्या मिनिटाविषयी त्यांनी अवाक्षर काढलं नाही. सर घरी येईपर्यंत काही बोलले नाहीत. त्यानंतर पाच वर्षं त्यांनी आम्हाला साधी कौटुंबिक नाटकं बसवून दिली, खुनाचं नाटक पुन्हा लिहिलं नाही.

चाळीस वर्षं होत आली. सरांनी दिलं नाही ते उत्तर मी आता देते. आवाका आधी ठरवून नाटक करायचं असतं तर मोल्डरनं आणि नर्सनं नाटक केलंच नसतं. राज्य नाट्य स्पर्धा हौशींसाठीच सुरू झाली, आणि याच स्पर्धेसाठी १९६७ साली विजय तेंडुलकरांनी 'शांतता! कोर्ट चालू आहे' लिहिलं. त्या नाटकातली माणसंही एक हौशी नाटक मंडळीच आहेत. तेंडुलकरांना अशी मंडळी जवळून माहीत होती, म्हणून ते नाटक झालं. आम्ही वाईट नाटक केलं तेव्हा आमच्या प्रत्येकाच्या मागं घरचे, गल्लीतले, कारखान्यातले लोक नाट्यगृहात आले. त्यातल्या कित्येकांनी आयुष्यात पहिल्यांदा तिसरी घंटा ऐकली. पुढं तेच लोक तिकीट काढून नाटकं बघायला लागले. अलीकडे विजय केंकरे यांनी 'अ परफेक्ट मर्डर' आणलं, तेव्हा आमच्या गल्लीतल्या म्हाताऱ्यांनी मध्यंतरातच खुनाची उकल कशी होणार यावर वाद घातला. हे कान कुणी तयार केले?

काही वर्षांपूर्वी पुतणीकडे लंडनला गेले तेव्हा तिनं डचेस थिएटरला 'द प्ले दॅट गोज राँग' दाखवलं. एक हौशी नाटक मंडळी खुनाचं रहस्यनाटक करते आणि सगळंच्या सगळं बिघडतं. शेवटी नेपथ्यही कोसळतं. २०१२ साली एका पबच्या वरच्या छोट्या थिएटरात सुरू झालेलं हे नाटक २०१४ पासून वेस्ट एंडला चालू आहे. त्या नटांचं कसब थक्क करणारं आहे. पडणारी प्रत्येक वस्तू सेकंदाच्या हिशेबानं पडते. मी हसले, आणि मध्येच मला फ्लॅट धरून उभा राहिलेला आमचा पोरगा आठवला. त्याचे हात दुसऱ्या दिवशी वर होत नव्हते. तो फ्लॅट धरून उभा होता ते कुणी हसावं म्हणून नव्हे, नाटक पडू नये म्हणून.

सर आता नाहीत. मोल्डरही गेला. तालमीच्या वरच्या मजल्यावर शिकवणी वर्ग भरतो. नाटकाची आवड असलेली मुलं मला भेटतात, हुशार आहेत, पण त्यांची पहिली विचारणा मालिकेच्या ऑडिशनची असते. रात्री नऊनंतर फुकट मिळणारी जागा त्यांना या शहरात कुठंही नाही. म्हणून ती वर्ष-वर्ष एकत्र तालमी करत नाहीत, आणि म्हणून कारखान्यातला माणूस आणि दवाखान्यातली बाई एका रंगमंचावर येत नाहीत. त्यांना मी दोष देणार नाही.

केशवराव भोसले नाट्यगृह पुन्हा बांधलं जातंय. छप्पर, खुर्च्या, ध्वनियंत्रणा, वातानुकूलन यांवर खूप बोललं जातं. महापालिकेला माझं एवढंच मागणं आहे: नव्या नाट्यगृहात तालमीसाठी एक खोली ठेवा, ती रात्री उघडी ठेवा, आणि महिन्यातल्या दोन तारखा शहरातल्या हौशी संस्थांना नाममात्र भाड्यानं द्या. नाटक चांगलं आहे की वाईट, हे तारीख देण्याआधी विचारू नका.